आईचा गुडघा, मेट्रोची लिफ्ट आणि भरवशाचं गणित

आई पहिल्यांदा दोह्याला आली तेव्हा तिला सूक वाकिफ बघायचं होतं. वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, हातात काठी. मी टॅक्सी बोलवणार होते, पण ती म्हणाली, "ती बिनड्रायव्हरची गाडी बघू की." मग आम्ही अल मतार अल कदीम स्थानकावरून निघालो. रस्त्यावरून लिफ्टने तिकीट-मजल्यावर, तिथून दुसऱ्या लिफ्टने फलाटावर. गाडी आली, फलाटावरची काचेची दारं आणि गाडीची दारं एकदम उघडली, आणि आई काठी न टेकता आत गेली. मुशैरिबला गाडी बदलली, एक स्थानक पुढे गेलो, पुन्हा दोन लिफ्ट, की बाहेर सूक वाकिफ. परतताना तिने एकच प्रश्न विचारला: "अगं, हे आपल्या डोंबिवलीला का होत नाही?"

"पैसा" हे उत्तर तोंडावर आलं होतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. खरं उत्तर शोधायला थोडी भूमिती लागते, थोडी संभाव्यता लागते, आणि शेवटी दोह्याचंही सगळं काही आलबेल नाही हे मान्य करावं लागतं. तर आज हाच धडा घेऊ.

आधी दोह्याची ओळख, कारण ब्लॉगचे बरेच वाचक इतर देशांत आहेत. दोहा मेट्रोचा पहिला टप्पा ८ मे २०१९ रोजी सुरू झाला. लाल मार्गावरची अल कस्सार ते अल वकरा ही १३ स्थानकं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोनेरी मार्ग आणि डिसेंबरात हिरवा मार्ग सुरू झाला, आणि लाल मार्ग उत्तरेला लुसैलपर्यंत आणि हमाद विमानतळापर्यंत पोहोचला. एकूण ३७ स्थानकं, सुमारे ७६ किलोमीटर. बोगदे खणायला एकाच वेळी २१ यंत्रं चालू होती, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. गाड्या जपानच्या किंकी शार्यो कंपनीच्या, तीन डब्यांच्या, पूर्ण स्वयंचलित. भाडं कितीही लांब जा, साध्या डब्यात २ रियाल.

फट कुठून येते?

लोकलमध्ये चढताना आईच्या गुडघ्याला दोन अडचणी येतात. एक उभी, म्हणजे डब्याची जमीन फलाटापेक्षा उंच. दुसरी आडवी, म्हणजे फलाटाची कड आणि डबा यांच्यातली फट. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आडवी फट आधी घेऊ, कारण ती निव्वळ भूमिती आहे. डबा सरळ असतो, तो वाकत नाही. फलाट वळणावर असेल तर त्याची कड कमानीसारखी असते. सरळ पट्टी कमानीला लावली की कुठेतरी फट राहणारच. किती? शाळेतलं सूत्र आहे: जीवेच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. डबा २० मीटरचा आणि वळणाची त्रिज्या ४०० मीटर धरली, तर ४०० भागिले ३२०० म्हणजे ०.१२५ मीटर. साडेबारा सेंटीमीटर! ही फट सरळ फलाटावरच्या नेहमीच्या फटीच्या वर. फलाट वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर ती डब्याच्या टोकांच्या दारांशी येते, बाहेरच्या बाजूला असेल तर मधल्या दाराशी. (डबा प्रत्यक्षात टोकांवर नव्हे, तर थोड्या आत बसवलेल्या दोन चाकगाड्यांवर टेकलेला असतो. त्यामुळे वाढीव फट मधे आणि टोकांना विभागली जाते. पण अंदाज यायला हे सूत्र पुरे.) त्यात वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवलेला असतो, म्हणून डबा कलतो आणि एका बाजूची उंचीही बदलते.

आता नवी मेट्रो आखणारा अभियंता काय करतो? स्थानकं सरळ रेषेवर ठेवतो आणि वळणं दोन स्थानकांच्या मधे ढकलतो. दोह्यात हे शक्य झालं, कारण सगळं कोऱ्या कागदावर आखलं आणि बराचसा भाग जमिनीखाली. मुंबईत १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली तेव्हा रूळ जिथे जागा मिळाली तिथून गेले, आणि पुढे त्या रुळांभोवतीच शहर वाढलं. वळणावरचं स्थानक आज सरळ करायचं तर आजूबाजूची वस्ती हलवावी लागेल.

उभ्या फटीचं कारण मला जास्त रंजक वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. लोकलचे रूळ खडीवर बसवलेले असतात. गाड्यांच्या धक्क्यांनी खडी दबते, रूळ खाली-वर होतात. मग यंत्राने स्लीपरखाली खडी ठासून रूळ पुन्हा समपातळीत आणतात, आणि असं करताना रूळ प्रत्येक वेळी थोडा वर उचलला जातो. वर्षानुवर्षं हे झालं की रूळ वर येतो, डबा वर जातो, फलाट मात्र जागच्या जागी. म्हणजे फलाट खचलेला नसतोच, रूळ वाढलेला असतो! दोह्यात आणि बहुतेक नव्या मेट्रोंमध्ये रूळ काँक्रीटच्या लादीत जखडलेले असतात, त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी जुळलेली पातळी पुढेही तशीच राहते.

मुंबईत हे प्रकरण न्यायालयात गेलं, कारण फटीत पडून माणसं मरत होती, हातपाय गमावत होती. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला झालेला अपघात अनेकांना आठवत असेल. त्यानंतर फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत उंच करण्याचं काम हाती घेतलं गेलं आणि बऱ्याच स्थानकांवर ते झालंही. आई म्हणते की फरक पडला आहे, "पण अजून पाय उचलावा लागतो." ते साहजिक आहे. त्याच फलाटांवरून कुठे लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, कुठे मालगाड्या. त्यांच्या पायऱ्या नि बाजूला आलेले भाग फलाटाला घासू नयेत म्हणून फलाट डब्याला अगदी चिकटवताच येत नाही. दोह्यात एकाच मापाच्या गाड्या, दुसरी कुठली येणारच नाही. आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

लिफ्टची साखळी

उरलेलं निम्मं उत्तर सांगायला पुन्हा लिफ्टकडे यावं लागेल. इथूनच मला हा लेख लिहावासा वाटला.

मागे प्रवासात एका शहरात (कुठलं ते महत्त्वाचं नाही, मोठं आणि श्रीमंत होतं) मेट्रोतून उतरल्यावर लिफ्टच्या दारावर "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी होती. मी जिने चढून वर गेले. माझ्या पुढे चाकाच्या खुर्चीतला एक माणूस होता, तो पुन्हा गाडीत बसून पुढच्या स्थानकाला निघून गेला. गाडी वेळेवर होती. माझ्या लेखी सेवा शंभर टक्के, त्याच्या लेखी त्या दिवशी स्थानकच बंद.

याचा हिशेब मांडू. कुठल्याही यंत्राची उपलब्धता म्हणजे ते जितका वेळ चालू राहतं, भागिले एकूण वेळ. समजा एक लिफ्ट सरासरी ५० दिवस चालते आणि मग बिघडते, आणि दुरुस्तीला एक दिवस लागतो. उपलब्धता ५० भागिले ५१, म्हणजे साधारण ९८ टक्के. कागदावर चांगला आकडा आहे. वर्षअखेरीच्या अहवालात छापायला कुणी लाजणार नाही.

पण आईच्या प्रवासात एक लिफ्ट नसते. निघताना दोन, उतरताना दोन, अशा चार तरी असतात, आणि चारही चालू असल्या तरच प्रवास होतो. साखळीतली एक कडी तुटली की साखळी तुटली. म्हणून टक्केवारींचा गुणाकार करायचा: ०.९८ चार वेळा, उत्तर ०.९२. मधे गाडी बदलताना आणखी दोन लिफ्ट लागल्या तर सहा वेळा, उत्तर ०.८९ च्या खाली. म्हणजे एखादी चाकाच्या खुर्चीतली मुलगी रोज अशा चार लिफ्टच्या भरवशावर कामाला जात असेल, तर वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांपैकी जवळपास वीस दिवस तिचा रस्ता बंद. तिच्या साहेबाला मात्र मेट्रो कंपनीच्या संकेतस्थळावर "९९ टक्के वक्तशीर" असं दिसणार. तिची नोकरी टिकेल का, हा प्रश्न त्या वीस दिवसांत अडकलेला आहे.

म्हणून माझं मत असं झालंय की रेल्वेचा भरवसा आणि रेल्वेची सुगम्यता या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी नाहीत. एकच गोष्ट आहे, मोजताना कुणाच्या पायांनी चालायचं एवढाच फरक.

आता दुरुस्त कसं करायचं? तीन वाटा आहेत. पहिली, लिफ्ट अधिक दणकट घ्यायची. ५० ऐवजी १०० दिवसांनी बिघडणारी. मग एकीची उपलब्धता ९९ टक्के, चौघींची मिळून ९६. दुसरी, लिफ्ट तीच, पण दुरुस्ती एका दिवसाऐवजी चार तासांत करायची. ५० दिवस म्हणजे १२०० तास. १२०० भागिले १२०४ म्हणजे ९९.७ टक्के, आणि चौघींची मिळून पावणेनव्व्याण्णवच्या आसपास! मला हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. दुप्पट चांगल्या यंत्रापेक्षा जवळ राहणारा मेकॅनिक आणि कपाटात ठेवलेला सुटा भाग जास्त उपयोगी पडला. आपल्याकडे यंत्र खरेदीचा समारंभ होतो, सुट्या भागांच्या कपाटाची फीत कुणी कापत नाही.

तिसरी वाट म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन लिफ्ट. दोन्ही एकदम बिघडायची शक्यता ०.०२ गुणिले ०.०२, म्हणजे दहा हजारांत चार. चार जोड्यांची साखळी ९९.८ टक्के. पण इथे एक खाच आहे. हा गुणाकार तेव्हाच खरा जेव्हा दोन्ही लिफ्ट एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात. दोघींना वीज एकाच तारेतून येत असेल, किंवा पावसाचं पाणी एकाच खड्ड्यात साचत असेल, तर दोघी एकदमच बंद पडतील आणि सगळं गणित कोसळेल. दोन लिफ्ट शेजारी-शेजारी लावण्यापेक्षा स्थानकाच्या दोन टोकांना लावणं म्हणूनच शहाणपणाचं. गाडी नियंत्रण, वीजपुरवठा, सिग्नल या सगळ्यांत अभियंते हेच पाळतात. लिफ्टच्या बाबतीत मात्र पुष्कळदा विसरतात, कारण लिफ्ट त्यांच्या डोक्यात "सोय" या खात्यात असते.

जुन्या श्रीमंत शहरांचं काय, असं विचाराल तर: लंडनच्या भुयारी रेल्वेची जेमतेम एक तृतीयांश स्थानकं पायरीविना आहेत. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये न्यायालयीन तडजोडीत ९५ टक्के स्थानकं सुगम्य करायचं कबूल केलं, ते २०५५ सालापर्यंत! तेव्हा मुंबईला एकटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आणि भारतात २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोने लिफ्ट, उतार आणि पायाला जाणवणाऱ्या पिवळ्या फरशा यांचा पायंडा पाडला, हेही सांगायला हवं. त्या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांची कल्पना. १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज त्या दोह्यातही आहेत, पुण्यातही. मुंबई लोकलचा स्वतःचा एक छान शोध आहे: दिव्यांगांचा डबा जिथे येतो तिथे फलाटावर बारीक "टिक-टिक" आवाज सतत चालू असतो, तो ऐकून अंध प्रवासी नेमक्या जागी उभा राहतो. स्वस्त आणि कामाचा. मला तो इथे आठवतो.

पाच मिनिटांनी गाडी, पण कुणासाठी?

आता भरवशाच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. इथे संभाव्यतेतली एक गंमत आहे.

समजा तासाला १२ गाड्या जातात. वेळापत्रक न बघता तुम्ही फलाटावर आलात तर सरासरी किती थांबाल? गाड्या बरोबर पाच-पाच मिनिटांनी येत असतील तर अडीच मिनिटं. आता त्याच १२ गाड्या, पण दोन मिनिटं, आठ मिनिटं, दोन मिनिटं, आठ मिनिटं अशा अंतराने येऊ लागल्या. सरासरी अंतर अजून पाचच आहे. पण तुम्ही कुठल्या मोकळ्या वेळात पोहोचाल? दर दहा मिनिटांतली आठ मिनिटं लांब अंतराची, म्हणून ८० टक्के वेळा तुम्ही आठवाल्या अंतरात सापडता आणि सरासरी चार मिनिटं थांबता. २० टक्के वेळा एक मिनिट. एकूण ३.४ मिनिटं. गाड्या तितक्याच, चालवण्याचा खर्च तितकाच, पण प्रवाशाची वाट बघण्याची वेळ एक तृतीयांशाहून जास्त वाढली. प्रशासन म्हणेल "पाच मिनिटांनी गाडी आहे" आणि प्रवासी म्हणेल "नेहमी उशीरच होतो." दोघंही खरं बोलतायत!

याहून वाईट म्हणजे गर्दी. आठ मिनिटांनी येणाऱ्या गाडीसाठी फलाटावर चौपट माणसं जमलेली असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, दार लवकर बंद होत नाही, गाडी आणखी मागे पडते, पुढच्या स्थानकावर आणखी माणसं जमतात. तिच्या मागची गाडी मात्र रिकामी धावत तिला गाठते. मग आपण बघतो ते दृश्य: बराच वेळ काही नाही, आणि मग दोन गाड्या पाठोपाठ, पहिली खच्चून भरलेली, दुसरीत बसायला जागा. उशीर स्वतःलाच खतपाणी घालतो.

हे तोडायचं तर उशीर लहान असतानाच पकडावा लागतो. दोह्यासारख्या स्वयंचलित मेट्रोत प्रत्येक गाडी स्वतःची जागा सतत रेडिओने कळवत असते. जुन्या पद्धतीत रुळाचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी जाऊ शकते, मग ती तुकड्याच्या सुरुवातीला असो की शेवटाला. नव्या पद्धतीत तुकडाच गाडीबरोबर सरकतो, मागची गाडी पुढचीपासून थांबण्यापुरतं सुरक्षित अंतर राखून धावते. मध्यवर्ती संगणकाला सगळ्यांच्या जागा माहीत असल्यामुळे एखादी गाडी वीस सेकंद मागे पडली की तो पुढच्या गाडीला दहा-बारा सेकंद जास्त थांबवतो आणि मागचीला जरा सावकाश आणतो. प्रवाशाला ते कळतही नाही. आपण चिडतो, "दारं बंद झाली, मग निघत का नाही?" पण ते थांबणं मागच्या प्रवाशांसाठी असतं.

एक गोष्ट मात्र दोह्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. लाल मार्ग दक्षिणेला उकबा इब्न नाफीपाशी फुटतो, एक फाटा विमानतळाला आणि दुसरा अल वकराला. एक सोडून एक गाडी विमानतळाला गेली असं धरलं, तर मुख्य भागावर तीन मिनिटांनी गाडी असली तरी वकरावाल्याला सहा मिनिटांनी. फाटे फोडले की गावं जास्त जोडली जातात, पण प्रत्येकाच्या वाट्याला गाड्या कमी येतात. कल्याणला कर्जत आणि कसारा वेगळे होतात, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

दारं

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. मग "दारं बंद करा" अशी मागणी होते. ती योग्यच आहे, पण तिच्यामागचं शास्त्र समजून घ्यायला हवं.

बंद दाराच्या डब्यात हवा कुठून येणार? गर्दीच्या वेळी लोकलमध्ये दर चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. उघडं दार हीच त्या डब्याची वायुवीजन यंत्रणा आहे. म्हणून नुसतं दार लावून भागत नाही, छतावरून हवा खेळवावी लागते, दारांना झरोके ठेवावे लागतात किंवा वातानुकूलन करावं लागतं. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावते. तिथे दुसरा पेच येतो. दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि शेवटच्या माणसाची पाठ दारात असेल तर दार बंद होत नाही. प्रत्येक स्थानकावर दहा सेकंद जास्त गेले तर वीस स्थानकांवर दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. तीन मिनिटांनी गाडी सुटणाऱ्या मार्गावर ही एक पूर्ण गाडी गमावल्यासारखं आहे. तेव्हा सुरक्षित दार हवं असेल तर आधी गर्दी कमी हवी, म्हणजे गाड्या जास्त हव्यात, म्हणजे सिग्नल पद्धत बदलायला हवी. गुंता असा एकातून एक निघतो. म्हणून "उद्यापासून दारं बंद" हे फक्त भाषणात सोपं वाटतं.

मुंबईतच याचं उलट टोकही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण झालेली भुयारी मेट्रो ३: साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, फलाटांवर काचेची दारं, समपातळीत चढणं. म्हणजे तंत्र आपल्याकडे आलेलं आहे. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "पण तिथपर्यंत जायला लोकलच ना?"

गर्दी बाहेर थोपवणं

२०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात दोह्याची मेट्रो खरी कसाला लागली. आठपैकी पाच मैदानं मेट्रोच्या चालण्याजोग्या अंतरावर, हाय्या कार्ड असणाऱ्यांना प्रवास फुकट, सेवा पहाटे तीनपर्यंत. सामना संपला की हजारो माणसं एकदम स्थानकाकडे वळायची. आम्ही लुसैलला एका सामन्यानंतर तासभर चालत होतो. कठड्यांच्या वळणावळणांतून, समोर दिसणाऱ्या स्थानकाकडे पाठ करून! तेव्हा वैताग आला होता. "मेट्रो, धिस वे" असं मोठ्या फोमच्या बोटाने दाखवणारे स्वयंसेवक नसते तर लोक भडकलेच असते.

नंतर विचार केल्यावर कळलं की ती वळणं मुद्दाम होती. माणसांची दाटी चौरस मीटरला चारच्या आसपास जाईपर्यंत रांग पुढे सरकते. त्यापुढे सगळ्यांचा वेग पडतो आणि दारातून मिनिटाला जाणाऱ्या माणसांची संख्या उलट कमी होते. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहत नाही, गर्दीची लाट त्याला नेईल तिकडे जातो. म्हणून दाटी उघड्या मैदानात पातळ करून ठेवायची आणि फलाटावर तितकीच माणसं सोडायची जितकी पुढची गाडी नेऊ शकेल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली तेव्हा पाऊस होता, खालचे लोक आडोशाला जिन्यातच थांबले होते आणि वरून गाड्यांतून नवी माणसं येतच होती. बाहेर पडण्याचा दर आत येण्याच्या दरापेक्षा कमी झाला की पूल म्हणजे बूच लावलेली बाटली.

शेवटचा किलोमीटर

दोह्याचं कौतुक इथवर. आता तक्रार. उन्हाळ्यात ४५ अंशांत पाचशे मीटर चालणं हा आईसाठी जिन्यापेक्षा मोठा अडथळा आहे. स्थानकापासून निघणाऱ्या मेट्रोलिंक बस फुकट आहेत आणि त्यांनी फार मदत होते. पण त्या बसची वाट बघण्यालाही वरचं दोन-आठ मिनिटांचं गणित लागू होतं, आणि थांबा बंदिस्त नसेल तर ते थांबणं उन्हात. साखळीत ही कडी मोजलीच पाहिजे.

आणि ज्यांच्याकडे गाडी नाही अशी सगळ्यात जास्त माणसं जिथे राहतात त्या सनायामध्ये, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तिन्ही मार्गांपैकी एकाचंही स्थानक नाही. ज्यांनी हे बोगदे खणले त्यांतले कितीतरी तिथेच राहतात. त्यांचा सुट्टीचा वार शुक्रवार, आणि शुक्रवारी मेट्रो इतर दिवसांपेक्षा उशिरा सुरू होते. २ रियालचं भाडं त्यांना परवडतं. अडचण स्थानकापर्यंत पोहोचण्याची आहे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी बंद लिफ्ट जशी, तशीच त्यांच्यासाठी न येणारी बस.

जाता जाता उन्हाचा रुळांवरचा परिणामही सांगते, कारण मागच्या लेखाखाली कुणीतरी विचारलं होतं. एक अंश तापमान वाढलं की पोलाद लांबीच्या साधारण एक लाखांश भाग वाढतं. जोडून अखंड केलेला रूळ वाढू शकत नाही, म्हणून तो आतल्या आत दाबला जातो. ६० किलो प्रति मीटरच्या रुळात ३० अंश वाढीला हा दाब सुमारे ५५ टनांच्या वजनाइतका होतो. खडीवरचा रूळ अशा वेळी बाजूला सटकून नागमोडी होऊ शकतो, म्हणून उन्हाळ्यात गाड्या सावकाश चालवतात. दोह्याचा बहुतेक मार्ग जमिनीखाली, जिथे तापमान फारसं बदलत नाही. वकराच्या बाजूचा भाग उंच पुलावर आहे, तिथे काँक्रीटची लादी रुळाला घट्ट धरून ठेवते.

गृहपाठ

तुम्ही जिथे असाल तिथे, सिडनीत, बे एरियात किंवा ठाण्यात, एक दिवस फलाटावर बसून लागोपाठ नऊ गाड्यांच्या वेळा वहीत टिपा. मधली आठ अंतरं मिळतील. प्रत्येकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा, आणि तिला अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा. ही तुमची खरी सरासरी वाट बघण्याची वेळ.

समजा अंतरं ३, ४, ११, २, ५, ९, ३, ३ अशी आली. बेरीज ४०, सरासरी ५. वर्गांची बेरीज २७४. २७४ भागिले ८० म्हणजे ३.४ मिनिटं, २.५ नव्हे. वरच्या दोन-आठ उदाहरणाइतकीच!

त्याच दिवशी स्थानकातल्या लिफ्ट मोजा, किती चालू होत्या ते लिहा, आणि तुमच्या नेहमीच्या प्रवासाच्या चार-सहा लिफ्टचा गुणाकार करून बघा. आकडे खाली प्रतिसादात टाका. आई डोंबिवलीचे पाठवणार आहे, तिने वही आणलीसुद्धा.